रुळासारखी सरळ रेघ

— मंग? मी काय सांगून राह्यलो होतो? पाहा, तुमच्याच त्या काचेच्या पाटीवर पाहा. हे नातवाचं शाळेतलं — कसं झालं, काट्याकुट्यावानी, खाली-वर, खाली-वर. अन् हे संध्याकाळचं. सरळ रेघ. रुळासारखी. मी रेल्वेत गँगमन होतो, पोरी, उभा जन्म या जऊळक्याच्या लाइनीवर गेला. सरळ कशाले म्हनतात ते मले नका सांगू. म्हंजे शर्त मी जिंकलो. पौर्णिमा, आयकलं का? च्या ठेव बाईसाठी, वाशीमवरून आल्या त्या. — सून आहे माही. गोलूची माय. आत बसून सगळं आयकते, बोलत नाही. माह्यापुढे कोनी बोलत नाही. रीतच आहे घरची.

शर्त कोनती म्हंजे? तुमाले नाही सांगतलं कोनी? गोलूच्या मनगटाले पट्टा बांधून गेल्या, आज काढून घेतला, अन् कायच्यासाठी बांधला तेच नाही मालूम? माहा पोरगा नरेंद्र पुन्याले कंपनीत आहे. सून म्हने, गोलूले घेऊन मीबी जातो, तिथं डाक्तर आहेत, तशा पोरायले समजून घेनाऱ्या शाळा आहेत. तशा म्हंजे कशा? ते तुमचं चार इंग्रजी अक्षरायचं नाव. मी म्हन्लो, नातवाले काही झालं नाही. वळन पाहिजे, अन् वळन इथंच लागीन, माह्यापाशी. तेवढ्यात शाळेतून निरोप आला, पट्टा बांधायचा आहे, हालचाल मोजते म्हने. मी पहिले नाही म्हन्लो. माह्या बापानं धम्म घेतला तवा मनगटावरचा गंडा तोडून नाल्यात फेकला — तवापासून आमच्या घरात मनगटाले काही बांधत नाहीत. शेजारची सोजरबाई म्हने, भाऊ, मंगरूळच्या दर्ग्यावर नेऊन आना. मी म्हन्लो, बाई, पहिले तुह्या बकऱ्या ने, त्याबी दिवसभर उड्याच मारतात. पन हे मशीन. मशीनीले नातं नाही, गोतं नाही, ते कायले खोटं बोलीन? म्हनून फोनवर सगळ्याइसमोर बोललो — बांधा. माह्यापाशीबी नाही बसला, त न्या पुन्याले. बसला, त इथंच राहीन. देवमनचा शब्द.

अन् बसला! तुमच्याच मशीनीनं सांगतलं.

कसं बसवता म्हनता? मारत नाही, पोरी. हे लिहून घ्या. माह्या बापानं मले मारलं, मी नरेंद्राले मारलं, पन नातवाले बोट नाही लावलं. त्याचं असं झालं — विहारात पुनवेची वंदना चालू होती, सगळे डोळे मिटून बसले अन् हा खांबाभोवती गोल गोल, गोल गोल — मंग जाऊन मेनबत्तीच फुकली. तो अश्वजित, माह्या पोराच्या वयाचा, तो म्हने, ‘देवमनदादा, तुमच्या घरची गाडी कोन्या टेसनावर थांबत नाही वाटते.’ लोक हासले. मी नाही हासलो. घरी आलो, पितळेचा गिलास घेतला, काठोकाठ पानी भरलं, गोलूच्या दोन्ही हातात देल्लं. माह्यापुढे बसवलं. माहं जेवन होईपर्यंत थेंब सांडला नाही पाहिजे. सांडला त परत भरायचा. बस, इतकंच. शिवी नाही, मार नाही. लिलाबाई, माही बायको, असती त मधात बोलली असती — तिची खोडच होती — ‘पोट्टं आहे ते, खांब नाही.’ पन ती नाही आता. पहिले लय सांडलं. मी परत भरून देल्लं. तवापासून रोज. अन् आता? आता एक थेंब नाही! ज्याले मास्तरीन म्हन्ते दोन ओळी लिहिपर्यंत चारदा उठते, ते पोट्टं माह्यापुढे असं बसते — परवा त त्याले चड्डीत झालं, पन गिलास नाही हालला. अशी हिंमत आहे —

काहून पाहता अशा?

त्यानं सांगतलं नाही त मले कसं समजनार? ‘आबा, उठू का’ म्हनला असता, त मी काय नाही म्हन्लो असतो? … म्हन्लो असतो. खोटं कायले बोलू. पन त्यानं विचारलं त पाहिजे! विचारतच नाही. तोंड उघडत नाही माह्यापुढे. सोजरबाईशी म्हने खूप बोलते.

अन् ही लाल कायची? ही काळी हालचालीची, ते समजलं. लाल? — काळजाचे ठोके. अस्सं. तेबी मोजते का हे? मंग इथं इतकी वर काहून गेली? पळून राह्यला असन. नाही — खाली काळी त सरळच आहे. म्हंजे अंग बसलेलं अन् काळीज पळून राह्यलं? असं कुठं होते का बाई! बिघडली असन मशीन. बकऱ्यायमागं धावला ते दाखवा. हं, तिथंबी वर गेली, पन लगेच उतरली. इथं उतरतच नाही. माहं जेवन चालू आहे, तवर उतरतच नाही.

थांबा, थांबा. हे पाहा, सापडली चूक. मी टेसनावरच्या बाकड्यावरून उठून घरी येतो दिवे लागल्यावर. अन् ही लाल त त्याच्या आंधीच चढून राह्यली. मी घरातच नाही तवा! मंग माहा काय संबंध? घरात तवा त्याची माय असते, तिले विचारा, तिनं काय —

थांबा जरा.

मी खाकरतो. गल्लीच्या तोंडापासून. घरात सून आहे, म्हाताऱ्या मानसानं एकदम कसं शिरायचं — खाकरून यायचं, बाईमानसानं पदर सावरून घ्यावा म्हनून. इज्जतीची रीत आहे ते. माहा बापबी तसाच यायचा. तो खाकरला का आमी भावंडं… राहू द्या. — रोज तिथंच चढली? सगळ्या दिवशी? दाखवा. हं. हं. रविवारचं दाखवा. रविवारी मी मंगरूळले गेल्तो, मुक्कामाले. … हे रविवारचं? ही काळी कशी नाचून राह्यली पाहा. जेवता जेवता उठला असन, बसला असन, मायच्या पाठीवर चढला असन. अन् लाल खाली. झोपेपर्यंत खाली.

रविवारी मी नव्हतो.

नका समजावू, पोरी. मले समजलं. एकट्या पट्ट्यानं काही ठरत नाही, डाक्तर पाहीन, शाळा सांगीन, माय सांगीन — ठीक आहे. अन् तो मुद्दाम करत नाही, त्याची घडनच तशी आहे — तेबी ठीक. मानलं. पन आबाचं काय लिहाल तुमी त्याच्यात? आबा बसला का पोराचं काळीज पळते, असं लिहाल? लिहा. मशीनीनं पाह्यलं ते खोडता नाही येत. मीच म्हन्लो होतो, खोटं नाही बोलत ते.

पौर्णिमा, च्या राहू दे… नाही, तिले तुमीच सांगा, माह्यानं नाही होत. म्हना, देवमन शर्त हरला, गोलूले घेऊन पुन्याले जा. — रेघ सरळ आहे ते मलेबी दिसते, बाई! जिंकलो ते मलेबी समजते! नाही पाहिजे मले तसं जिंकनं. जाऊ द्या त्याले. तिले ही लाल नका दाखवू फक्त. … दाखवा. काय लपवता. ती रोज त्याले छातीशी घेऊन निजते, तिले पट्टा कायले पाहिजे. तिले पहिलेपासून मालूम असन. बोलत नव्हती. माह्यापुढे कोनी बोलत नाही.

हे कोन हासून राह्यलं बाहेर?

गोलू? असा हासते तो?

… इकडेच येऊन राह्यला. उठतो मी. चपला हातात घेतो, वाजतात त्या. मागच्या दारानं लाइनीकडे जातो. तुमी नका उठू, बसा. बोलू द्या त्याले, खाटेवर उड्या मारल्या त मारू द्या. अन् काही विचारलं, त — आबा घरी नाही म्हना.