जांभळीच्या कोंडावरचा वाटेकरी

ऐका. पण आधी ती बॅटरी बंद करा बघू. चुलीचा उजेड आहे ना, तेवढा पुरे. आणि तू रे, दाराकडं पाठ करून बसू नकोस. सरक इकडं.

तुम्ही गवे बघायला आलात, बरं केलंत. उन्हाळ्यात पाणवठ्यावर गवा येतो, भेकर येतं, नशीब असलं तर बिबट्याही दिसतो. आमच्याकडं ज्याचा त्याचा हंगाम असतो. भात पोटरीत आलं की कुर्ल्या. कापणी उरकली की पूर्वी डुकराची पारध निघायची. ती सरकारनं बंद केली, ते एक बरंच झालं, आमच्या लोकांचा नेम डुकराला कमी आणि कुत्र्यांनाच जास्त लागायचा. आणि वैशाखात नदी आटली की कोंडातले मासे. खाली जांभळीचा कोंड आहे, नदीतला खोल डोह, तिथलं पाणी कधी आटत नाय. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, पाण्यात नारळ सोडतो, मग अख्खा गाव एकदम उतरतो. त्याच्या आधी कुणी उतरायचं नाय. आणि मासे काठावरच वाटायचे. काठावर जो उभा असेल त्याला वाटा. वाटसरू असला तरी त्याला नाय म्हणायचं नाय.

तर आमच्या वाडीत लवू घवाळी म्हणून होता. त्याची पोर येसू. पोर तापातून उठली, पण तोंडात घास घेईना. पेज दिली की ओकून टाकायची. हातापायाच्या काड्या झालेल्या. वैद्य म्हणाला, "हिला जे खावंसं वाटेल ते द्या. अन्न गेलं नाय पोटात, तर पोर हातची जाईल."

आणि येसू म्हणाली, "बाबा, खवल माशाचं कालवण."

आता काय करणार? नारळ सोडायला अवकाश होता. बाकीची नदी कोरडी ठणठणीत. मासे होते ते त्या एका कोंडात. बापाचं काळीज हो ते. रात्री गाव निजला तसा लवूनं पाग खांद्यावर टाकला, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात टोपली, आणि निघाला घाटी उतरून. एकटा.

पाग टाकला, ओढला. जाळं भरून मासे. खवली, शेंगट्या, एक वामसुद्धा. पुन्हा टाकला, पुन्हा भरून. लवू खूश झाला. आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावर कुणीतरी खोकलं.

लवूनं मान वळवली. बघतो तर घोंगडी पांघरून कुणीतरी बसलेलं. लवू मनात म्हणाला, मेलो. हा सकाळी गावकाराला सांगणार, गाव मला वाळीत टाकणार. मग त्यानं काय करावं? हळूच म्हणाला, "बाबा, ये इकडं. तुला पण वाटा देतो. अर्धा अर्धा करू."

इथं चुकला बघा. अरे, समोर माणूस आहे की नाय, एवढं तरी बघशील?

तो उठला आणि आला. सरळ कोंडावरून आला. तिथं दोन पुरुष खोल पाणी आहे. डुबुक नाय, काय नाय. घोंगडी कोरडी. लवूच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अर्धा." आवाज कसा, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा.

लवूनं वर बघितलंच नाय. अर्धी टोपली कातळावर ओतली, उरलेली उचलली आणि सुटला. मागून पावलं. चप, चप, चप. ओली.

"लवू, पाग अर्धा."

नाव कुणी सांगितलं त्याला? लवूनं पाग अख्खाच मागं भिरकावला. चप, चप, चप.

"लवू, कंदील अर्धा."

आणि ऐका, कंदिलाची अर्धी काच काळी झाली. डावीकडं उजेड, उजवीकडं मिट्ट काळोख. त्या काळोखातून तो चालतोय. लवू कसाबसा घाटी चढला. समोर घर दिसलं. दारात दिवा, बायको जागी.

"घरात बायको आहे," मागचा म्हणाला. "पोर आहे. पोर आजारी आहे ना लवू? मग अर्धी ती माझीच."

लवू जागच्या जागी थिजला. चार ढांगांत घरात शिरला असता. पण शिरला तर हाही मागोमाग शिरणार. लवू रडला. मोठा बाप्या माणूस, वाटेत उभा राहून रडला. मग डोळे पुसले आणि घराकडं पाठ केली.

"असा वाटा होत नाय आमच्याकडं," लवू म्हणाला. "वाटा काठावर होतो. सगळ्यांसमोर मांडून. चल खाली."

मागचा म्हणाला, "चल."

पुन्हा कोंड. लवूनं सगळे मासे एकत्र केले, दोन वाटे मांडले. आणि मग त्यानं आपली गावकी सुरू केली. तुम्हाला ठाऊक नाय, आमच्यात वाटा पसंत नसला की मोडून पुन्हा मांडायचा.

"तुझ्याकडं शेंगट्या जास्त गेल्या," लवू म्हणाला. मोड. मांड.

"वाम तुझ्यात गेली," तो म्हणाला. तोही काय कमी हावरट नव्हता. मोड. मांड.

लवूला एवढंच ठाऊक, की उजाडेपर्यंत हे पुरवायचं. शेंगटीचे काटे घुसून हात सुजले, रक्त आलं, तरी थांबला नाय. आणि दर खेपेला तो जवळ सरकायचा. गुडघ्याला गुडघा लागला. गार, भिजल्या मातीसारखा. वाटे मांडणारा हात दिसला. बोटांना नखंच नव्हती.

शेवटी वाटे असे बरोबर झाले की दोघांनाही खोड काढता येईना. मध्ये एक खवल उरली.

"ही तुला," तो म्हणाला. "घेऊन जा. आणि हिच्या बदल्यात पोर मला."

त्यानं ती खवल लवूच्या हाताकडं सरकवली. लवूनं हात मागं घेतला. त्यानं पुन्हा सरकवली. लवूची पाठ कातळाला टेकली. आता मागं जायला जागा नाय. खवल बोटांना लागणार, तेवढ्यात वर वाडीत कोंबडा आरवला.

तो उठला आणि पाण्यात गेला. दोन्ही वाटे गेले, पाग गेला. खवल तेवढी कातळावर तडफडत राहिली. लवू धावत सुटला तो घरी.

येसू जागी होती. "बाबा, मासे?"

"नाय मिळाले गं."

पोरीनं भोकाड पसरलं, हातपाय आपटले. आणि लवू तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडला, कारण ती रडत होती, चिडत होती, अख्खी होती. त्याच रागात ती आईच्या हातून वाटीभर पेज प्याली. ओकली नाय. तिथून पोर सुधारली.

येसू आता म्हातारी झाली. पण वैशाखात अजून दाराला आतून कडी घालते, उकाड्यानं जीव गेला तरी. कारण त्या साली गाव कोंडात उतरला, वाटे झाले, ज्यानं त्यानं आपले उचलले, आणि कातळावर एक खवल उरली. दर साली एक उरते. कुणी हात लावत नाय.

तेव्हा सकाळी गवे बघायला जाल ते वरच्या वाटेनं जा. घाटी उतरायची नाय. काठावर कुणी खोकलं तर त्याला बिस्कीटसुद्धा देऊ करू नका. त्याचा वाटा अजून फिटलेला नाय, आणि त्याला पोरच हवी आहे. चला, झोपा आता. आणि ही तुमची चिमुरडी, हिला दोघांच्या मध्ये घ्या.