महामायाचे सतरा गाणे

सहदेव : सांगून टाक समता. गेले ना गाणे?

समता : काका, आधी बसा. डोणगावहून एष्टीत सीपीयू मांडीवर घेऊन आले, चहा तरी घ्या. एक सांगा, याच्यात तीन-तीन अँटीव्हायरस कोणं टाकले?

सहदेव : म्याच. कंडक्टरकी केली ना. फुकट्या एकाच्या हातून सुटला तं पुढच्या चेकरले सापडते, तसं वाटलं.

समता : इथं उलटं होते. तिघं एकमेकावरच संशय घेऊन राह्यले होते, म्हणून मशीन हालत नव्हती. दोन काढले, एक ठेवला, अपडेट केला. पण व्हायरस आला कुठून?

सहदेव : जयंतीच्या दिवसात आमचा पेनड्राइव्ह गावोगाव फिरते. भोंग्यावर तुह्या काकूचे, महामायाचेच गाणे लागतात. वापस आला, म्या लावला, तं लाल पट्टी आली. जाहिरात असन म्हणून बंद केली.

समता : तीच सांगत होती, हा उघडू नका म्हणून. बाहेरून आला का आधी स्कॅन, मंग उघडणं.

सहदेव : मंग सारंच गायब. एक जण म्हणे फॉरमॅट मारा. माहा हात नाही धजला. घशाच्या ऑपरेशनपासून ती बोलत नाही, समता. तिचा आवाज तेवढाच हाय, त्या डब्यात.

समता : काकूले माहीत हाय?

सहदेव : निघताना चिठ्ठी देली हातात. ‘गेले असन तं गेले. जेवाले घरी या.’

समता : फॉरमॅट नाही मारलं, लय बेस केलं. गेले नाहीत, काका. व्हायरसनं फक्त लपवले होते. हे पाहा, सतराच्या सतरा. आन ही वेगळी कॉपी, नव्या पेनड्राइव्हवर. हा पेनड्राइव्ह कोणालेच द्यायचा नाही.

सहदेव : एक लाव. थांब, तिले फोन लावतो.

(गाणं सुरू होतं. सहदेव फोन स्पीकरजवळ धरतो.)

सहदेव : तुह्ये उपकार कसे फेडू, पोरी?

समता : कायचे उपकार? माह्या बारशाले काकूनं हेच गाणं म्हटलं होतं, आई अजून सांगते. मले त्याची आठवण कुठून असन, आज पहिल्यांदा ऐकून राह्यली. काकू ऐकतात ना तिकडं? काहीच कळत नाही.

सहदेव : फोनले कान लाव. टाळी देऊन राह्यली. दुसऱ्या कडव्याले जराशी घाई करते, पहिल्यापासूनच.