वाटणीची मोटारसायकल

– नाही नाही, स्टुलावर कशाला, जावईबापू, इकडे या. साइडकारमध्ये बसा. अहो बसा, मोडत नाही ती. माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिच्यातच बसतं, सीट कव्हर शिवून होईपर्यंत. रेक्झिन नवीन आहे, मीच चढवलंय. पाय आत घ्या. हं, आता कसे शोभताय! तर काय म्हणत होतात – तुमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या दादानं, आठवण काढली. माझी? – नाही, मोटारसायकलची. तेच म्हटलं. मी उगाच हात पुसून पुढे आले, म्हटलं भावाला बहीण आठवली, आता काय करू नि काय नको. चहा घेणार? नको? बरं, नको तर नको, तेवढंच दूध वाचलं.

दादाचं नवं शोरूम मोठं आहे म्हणता. पुढे सगळी काच. काचेत बाबांची मोटारसायकल, मागे बाबांचा हा एवढा फोटो, खाली अक्षरं – 'आमचे संस्थापक'. संस्थापक! अहो, आमचे बाबा घरोघरी फिरून शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. लोकांची बिघडलेली मशीनं या साइडकारमध्ये घालून आणायची, इथे तुम्ही बसलाय ना, तिथेच, आणि नीट करून परत पोचवायची. कसली संस्था आणि कसली स्थापना. तेलाचा वास यायचा त्यांच्या अंगाला, आंघोळ केली तरी जायचा नाही. दादा शाळेच्या फाटकात बाबांची गाडी दिसली की मागच्या गल्लीनं पळायचा. हे नाही सांगितलं त्यानं तुम्हाला? नसेल आठवत. माणसाला व्याप किती असतात! आता तो वारसा झालाय, आणि वारसा काचेत ठेवला की त्याला वास येत नाही, हे एक बरं असतं.

पण मला सांगा, लग्न ठरवताना तुमच्या कानावर घातलं होतं का कुणी, की या घराण्यात मोटारसायकलची वाटणी झालीये? – बघा, हसलात. अहो खरंच झाली! बाबा गेले, घराचं झालं, दुकानाचं झालं, भांड्यांचंसुद्धा झालं, आणि गाडीपाशी येऊन अडलं. दादा म्हणे मी थोरला. छोटू म्हणे चालवत मी होतो. छोटू म्हणजे धाकटा – आता पन्नाशीचा आहे, टक्कल पडलंय, पण छोटूच. काका मध्ये बसले होते निवाडा करायला. ऐकून ऐकून शेवटी कावले, म्हणाले, करा मग गाडीचे तुकडे आणि व्हा मोकळे! आता हे कावून बोललेलं, कुणाही शहाण्या माणसाला कळेल. पण माझे भाऊ! पाने घेऊन बसले की दोघं अंगणात. इंजिन आणि टाकी दादाला, चासी – म्हणजे नुसता सांगाडा हो – आणि चाकं छोटूला. हँडलवरून पुन्हा जुंपली, तेव्हा हँडल आणि दिवा रागारागानं भंगारवाल्याला देऊन टाकला, तुलाही नको, मलाही नको. काका डोक्याला हात लावून बघत होते. आणि मी? मी आधीच घरावरचा हक्क सोडून सही करून बसलेली, हसत हसत, कारण मी शहाणी मुलगी ना. मग बहिणीच्या तोंडाला पानं पुसायला म्हणून साइडकार. आणि साइडकारबरोबर आई.

हो, आई. म्हणजे आई हिची असं कुणी म्हणालं नाही, तेवढी लाज होती. पण दादाच्या घराला जिने फार, आणि छोटूच्या घरात खोल्या कमी, आणि वहिनीची पाठ दुखते, आणि छोटूच्या बायकोला माणसांची सवय नाही. तेव्हा चार दिवस हिच्याकडे राहू दे, असं ठरलं. ते चार दिवस चाललेत अजून. साइडकार काय आणि आई काय, दोन्ही आपली आपण चालत नाहीत, शेजारी कुणीतरी ओढणारं लागतं, तर माझ्या वाट्याला अगदी हिशेबानं आलं म्हणायचं. – नाही, तक्रार नाही हो करत. मी कशाला तक्रार करू? हळू बोला फक्त, या पडद्यामागेच झोपलीये ती. तुम्ही कुठे बोलताय म्हणा, मीच बोलतेय.

आता मागे वळा. ते कापड काढा. काढा ना, घाबरताय काय! – बघा. उभी आहे की नाही स्वतःच्या पायावर? हात लावा. ही चासी छोटूकडून आणली. त्यानं बागेत उभी करून वेल चढवला होता तिच्यावर. त्याची बायको म्हणाली, मग आमचा वेल कुठे जाणार, वन्सं? त्यांच्या अख्ख्या घराची सोफा कव्हरं शिवून दिली, पडदे वर, तेव्हा त्या वेलाला दुसरी जागा सापडली. चाकं फाटकाला टांगली होती शोभा म्हणून, ती पडद्यांबरोबर सुटली. सायलेन्सर भंगारातला, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, टाकी तिसऱ्या गाडीची. मडगार्ड तर शेजारच्या गॅरेजवाल्यानं पत्रा ठोकून बनवलं, रोज ठोकताना विचारायचा, ताई, तुम्हाला चालवता येते का? मी म्हणायची, नाही. मग कशाला? मी म्हणायची, तू ठोक. हँडल भंगारवाल्याकडे शोधून शोधून त्याच जातीचं मिळालं, पण आमचं नव्हे. आणि आईला आता दिसत नाही फारसं, पण हाताला सगळं कळतं. रोज सकाळी गाडी पुसायची तीच ना, बाबा चहा पीत असायचे तेव्हा. हँडल नुसतं हातात दिलं तिच्या, तर म्हणते, हे आपलं नाही. मी पटकन म्हटलं, आपलं गंजलं होतं आई, म्हणून थोरल्यानं हे पाठवलं –

काही नाही. ते जाऊ द्या. तर मडगार्डचं सांगत होते – असं काय बघताय? बरं बाई, गेलं तोंडातून तर गेलं. हो, थोरल्यानं पाठवलं असं म्हटलं. काय करणार होते? त्या दिवसांत जेवत नव्हती ती. ताट पुढे ठेवलं की विचारायची, थोरला का येत नाही गं, मी काही बोलले का त्याला? मी म्हणायची, नाही आई, तू काय बोलणार. तरी ताट तसंच. त्या हँडलच्या दिवशी सगळं जेवली. मग मलाही चटक लागली म्हणा ना. चाकं आली – थोरल्यानं छोटूकडून मागून घेतली, तुझ्यासाठी. सायलेन्सर आला – थोरल्यानं गावोगाव हिंडून शोधला. हिंडून! तुमचे सासरे! गाडीतून उतरताना ज्यांना दार उघडून द्यावं लागतं ते! मी इथे दुसऱ्यांची कव्हरं शिवून बोटांची चाळण करून घेतली आणि नाव तुमच्या सासऱ्यांचं झालं. आणि वर रोज ऐकायचं, किती करतो गं माझा थोरला, एवढ्या व्यापातून आईचं मन राखतो. आणि मला म्हणते, तू बस नुसती मशीन खडखडवत. मी म्हणते, हो आई. दुसरं काय म्हणणार?

इंजिन? आहे की. ते कोपऱ्यातल्या पोत्याखाली. गॅरेजवाल्यानं मिळवलं, याच गाडीचं, याच सालचं. बसवलं असतं तर गाडी आज पुरी झाली असती. पण आधी आईच्या खाटेपाशी नेलं, दोघांनी उचलून. तिनं हात फिरवला. इंजिनाला त्या पातळ कडा असतात ना, एकावर एक, वारा लागून थंड व्हायला – आमच्याची एक कड तुटकी आहे, बाबांच्या हातून मशीनचं डोकं पडलं होतं तिच्यावर. आई कडा चाचपडत गेली, वरून खाली, खालून वर. मग म्हणाली, हे दुसऱ्या कुणाचं आहे. मी म्हटलं, अगं थोरल्यानं– तर म्हणते, फसवलं गं त्याला कुणीतरी. भोळा आहे माझा थोरला. भोळा! मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं – नाही, हसले नाही मी. बाहेर येऊन इथेच बसले होते, तुमच्या जागेवर. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, आपलं इंजिन तो स्वतः घेऊन येईल, बघ, ते काही तो दुसऱ्याच्या हाती देणार नाही.

आणि आपलं इंजिन कुठे आहे ते मला ठाऊक नाही असं समजू नका. तुमच्या लग्नात पाहिलंय. मी आले होते, तुम्हाला नसेल आठवत, मागच्या रांगेत पंख्याखाली बसवलं होतं मला, मान म्हणून. तिथून दिवाणखाना दिसत होता. मध्यभागी चौथऱ्यावर आमचं इंजिन, वरून दिवा सोडलेला, आणि वहिनींनी त्याला सोनेरी रंग दिलेला. सोनेरी! इंजिनाला! पाहुण्यांना सांगत होत्या, ही आमची अँटिक वस्तू. मी जेवून आले मुकाट्यानं. आईला येऊन सांगितलं, थोरल्यानं तुझी फार चौकशी केली.

काय म्हणता? फलकावर माझंही नाव घालतील? कुठे, 'विशेष सहकार्य'मध्ये? नको, नको, एवढा भार सोसणार नाही मला. हे बघा, जावईबापू, तुम्ही माणूस वाईट नाही, तुम्हाला पाठवलंय म्हणून आलात. गाडी न्या. हो, खरंच न्या, साइडकारसकट. मी गिऱ्हाइकाला स्टूल देईन. मला काय करायचीये गाडी, मला चालवता येत नाही. काचेत ठेवा, फुलं घाला, सोनेरी करा नाहीतर चंदेरी करा. फक्त आधी इंजिन इथे यायला हवं. दादानं आणायचं. टेम्पोवाल्यानं नाही, नोकरानं नाही, तुम्हीही नाही. तिच्या खाटेपाशी ठेवायचं आणि तिचा हात धरून त्या तुटक्या कडेवर ठेवायचा. रंग खरवडून आणायचा तेवढा. मी इतकी वर्षं त्याच्या नावानं खोटं बोलतेय, त्यातलं एक, एकच, त्यानं खरं करून द्यावं. दुसरं मला काही नको त्याच्याकडून.

'विचारून बघतो'? वा! अगदी सासऱ्यांचा गुण उचललात. कधी विचारणार, उद्घाटन झाल्यावर? फोन कशाला बघताय सारखा? – अस्सं. त्यांनी आधीच सांगून ठेवलंय तुम्हाला. आईचा विषय निघाला की उठायचं. बरोबर ना? मान खाली घालू नका, तुमचा काय दोष –

काय गं आई? – कुणी नाही, झोप तू. – अगं, दादाचे जावई आलेत. – हो, त्यांचा आवाज. – हो. – हो, इंजिनाचंच चाललंय. – आणलंय का? अं... थांब हं, आई.

ऐकलंत? विचारतेय, थोरला बाहेर गाडीत बसलाय का. उठा. अहो उठा, आत जा. पडद्याच्या आत डावीकडे खाट आहे, जवळ बसा, म्हणजे तिला नीट ऐकू येईल. हात पुढे करेल, तो धरा. काय सांगायचं? ते मला विचारता? त्याच्या घरचे तुम्ही. मी दर वेळी नवीन काहीतरी शोधून काढते, तुम्हाला एकदा जमणार नाही? – नाही, मी नाही येणार. माझ्याकडचं सगळं सांगून झालंय.

आले गं आई, आले ते. – जा.