मराठी बोलेल त्याचा चहा

चहाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, मी तमिळ शिकलो ते निम्मं नोकरीसाठी आणि निम्मं चहा वाचवायला.

सोलापुरात गिरणीच्या हापिसात कारकून होतो तेव्हा. नवे साहेब मद्रासकडून येणार आणि आमच्या जागी आपली माणसं भरणार, अशी आवई उठली. बरोबरचा रामय्या म्हणाला, "भिता कशाला? मी तेलुगू. तमिळ म्हणजे आमच्या घरातलंच की!" दोन दिवसांत कळलं, त्याला तमिळचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मग मद्रास मेलच्या गार्डाकडून पहिलीचं पुस्तक मागवलं. उच्चार अडला की मेल फलाटावर उभी असेतोवर त्यालाच गाठायचं. सुटी झाल्यावर रामय्या, मी आणि हापिसातलाच चांदभाई एकमेकांचे मास्तर व्हायचो. नियम एकच: तमिळ सोडून जो मराठी बोलेल, त्यानं बाकीच्यांना चहा पाजायचा.

साहेब आले. आम्ही तिघांनी ओळीनं उभं राहून तमिळमध्ये स्वागत केलं, घरच्यांची खुशाली विचारली. कुठं अडखळलो नाही. साहेबांचं तोंड मात्र उतरत गेलं.

"हे काय हो?" ते चक्क मराठीत म्हणाले. "आम्ही तंजावरचे मराठी. उंबऱ्याबाहेर जन्मभर तमिळच ऐकलं. कानभर मराठी ऐकावं म्हणून सोलापूर धरलं, तर हितंही तेच?"

 

चांदभाई सवयीनं तमिळमध्येच बोलून गेला, "मराठी बोलले. आजचा चहा साहेबांचा."