खुर्चीवरचा रुमाल

आजवर मी हजार थापा मारल्या. ही गोष्ट मात्र धुळे-चोपडा एसटीत, पुढच्या बाकावरच्या दोन नर्सबायांकडून जशीच्या तशी ऐकली.

"दिपमाला, वृद्धाश्रमात चाळीस म्हातारे आणि सिस्टर मी एकटी!"

"वेडी होशील, सुलक्षणा."

"अगं, त्यांनीच ड्यूट्या वाटून घेतल्या! यशोदाबाई अंथरुणातून गोळ्यांच्या वेळा पुकारतात. पुनानाना रिटायर कंडक्टर, ते गोळी चुकवणारे पकडतात!"

"मग दुसरी सिस्टर हवीय कशाला?"

"परवा दोन आजोबा एकदम घसरले. एकाला मी धरलं, दुसऱ्याचा हात मोडला."

"अरे देवा! दुसरी मिळत नाही?"

"आठ महिने झाले. नानांनी तिच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरलीय. ट्रस्टीलासुद्धा बसू दिलं नाही! म्हणाले, 'उठा, सवारी वाटमा शे!' वाटेत आहे म्हणे सवारी!"

"आठ महिने तोच रुमाल?"

"दर सोमवारी धुतात, वाळेपर्यंत स्वतः बसून राहतात!"

"आमच्या दवाखान्यात एका वॉर्डाला चौघी आहोत गं."

"मी तुला काही म्हटलं का?"

"नाही. हा घे माझा रुमाल. नानांना सांग, त्यांचा उचला, हा टाका. सवारी एक तारखेला चढतेय."