प्लॅनमध्ये जोगवा बसत नाही

मी, श्रावस्ती राजपाल बनसोडे, वय ४६ वर्षे, धंदा कनिष्ठ महाविद्यालयात मराठीची शिक्षिका, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा धाराशिव. आज मंगळवारी सायंकाळी पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर होऊन जबाब देते तो असा.

ज्या ज्या माणसाच्या पिशवीतली घरची चटणी-भाकरी कुठल्या ना कुठल्या गेटवर काढून घेतली गेली आणि आत गेल्यावर मनगटाला पट्टा बांधून अन्न विकत घ्यावे लागले, त्या सगळ्यांना उद्देशून मी हे बोलते. त्यात या ठाण्यातले लोकही आले. मघाशीच लिहून घेणारे हवालदार म्हणाले की दिवाळीत त्यांच्या लेकीची शेंगापोळी अशाच एका गेटवर राहिली. हे जबाबात येत नसते असे ते म्हणतात. मी म्हणते, यावे. आमची तक्रार एकच आहे, म्हणूनच ती कुणी लिहीत नाही.

हकिकत अशी. आमच्या गावात महिलांचा बचत गट आहे. दीपमाला नावाची शिवणकाम करणारी बाई त्याची अध्यक्ष आहे. सोलापूर रस्त्याला 'जत्रावन' नावाचे पाळण्यांचे आणि पाण्याच्या खेळांचे पार्क आहे. तिथे सहल काढायचे गटाने ठरवले. मंगळवारी तिकिटात सूट असते म्हणून मंगळवार धरला. तिकिटाबरोबर जेवणाचा प्लॅनही आधीच भरून घ्यावा की नाही, यावर बैठकीत वाद झाला. मी विरोधात होते. दीपमालाचे म्हणणे असे होते, "ताई, वर्षात एक दिस तरी कुणी इचारू नये, भाकऱ्या किती टाकू. पट्टा बांधला की हात धुवायचं अन् बसायचं. बाईमाणसाला आयतं ताट कवा मिळतंय?"

या म्हणण्यात तथ्य होते आणि ते मी तेव्हाही मान्य केले. पण मी सांगितले की जेवण आधी विकत घेतले की भूकसुद्धा विकणाऱ्याच्या वेळेला लागावी लागते. त्यावर दीपमाला म्हणाली, "तुमचं भाषण वसूल झालं. आता पट्टा वसूल करू." सगळ्या हसल्या. मीही हसले. प्लॅन भरला. तो तिकिटापेक्षा महाग होता.

आज सकाळी आम्ही सोळा बाया भाड्याच्या गाडीने तिथे पोचलो. गेटवर पिशव्या तपासून खाण्याचे सगळे जिन्नस काढून ठेवले गेले. प्रत्येकीच्या मनगटाला निळा पट्टा बांधला. तो कापल्याशिवाय निघत नाही, आणि कापला की परत आत घेत नाहीत. एका गटाचे सगळे पट्टे मशिनमध्ये एकाच नावावर असतात. एकीने नियम मोडला की सगळ्यांचे बंद होतात. हे पाटीवर लिहिलेले आहे. आम्ही ते वाचले होते.

दिवसभर आम्ही काय केले असे कुणी विचारले तर उत्तर रांगा, असे आहे. नाश्त्याची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली, भेळेची ठरलेली. आमच्यातल्या दैवशालाबाईंना आकाशपाळण्यात बसायची हौस होती. मी त्यांना दोनदा चला म्हटले. त्या म्हणाल्या, "पाळणा कुटं पळून चाललाय? भेळ बंद हुईल." त्या पाळण्यात बसल्या नाहीत. भेळ त्यांना आवडत नाही. प्लॅन परवडतो का, असे मला कुणी विचारले तर मी हिशेब मांडणार नाही, दैवशालाबाईंचे नाव सांगेन.

आता धुरपदाबाईंविषयी. त्या शेतकरी घरातल्या, वय सत्तरीच्या आसपास, माझ्या शेजारी राहतात. आमची भिंत एक आहे. दर मंगळवारी त्या तुळजापूरच्या देवीच्या नावाने पाच घरी जोगवा मागतात. पाच घरचे पीठ जमले की त्याची भाकरी करतात आणि मगच तोंडात काही घालतात. तोवर फक्त पाणी. सहलीत पीठ कोण देणार? म्हणून पिठाऐवजी घास आणि घराऐवजी टेबल चालवून घे, असे त्यांनी सकाळी गाडीत बसल्या बसल्या देवीला सांगून टाकले होते. आम्हालाही सांगितले. कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

मी देवी मानत नाही. बाईला दारोदार मागती ठेवणारी ही रीत मोडली पाहिजे असे मी अनेक सभांत बोलले आहे आणि आजही माझे मत तेच आहे. माझ्या दारी धुरपदाबाई जोगव्याला कधी आल्या नाहीत. येऊ नका असे मीच सांगितले होते. बाकी रोज येतात.

दुपारी जेवणाच्या मंडपात धुरपदाबाई स्टीलची डबी घेऊन टेबलांवरून फिरल्या. पहिल्या टेबलावर परंड्याचे कुटुंब होते. त्यातल्या सुनेने उठून पाया पडून घास वाढला. पुढच्या तीन टेबलांवरही नाही कुणी म्हटले नाही. डबीत चार घास झाले. पाचव्या आमच्या टेबलाशी येऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं न्हाय मागत, बाई. तुमी भाषण कराल." मी म्हणाले, "घास देते. जोगवा म्हणणार नाही." त्या म्हणाल्या, "म्हणावं लागतंय. न्हायतर ते नुस्तं जेवान." मी नाही म्हणाले, त्या हट्टाला पेटल्या, बाकीच्या हसत होत्या. तेवढ्यात सुरक्षारक्षकाने मागून येऊन धुरपदाबाईंचे मनगट धरले.

तो म्हणाला, "हातात पट्टा असून भीक मागता व्हय, आजी?"

"भीक न्हाय रं बाबा, जोगवा हाय."

"दोनी एकच की."

"मग तुझी माय मंगळवारी काय मागती? पगार?"

आसपासचे लोक हसले. रक्षकाने मनगट सोडले नाही. तो त्यांना मंडपामागच्या खोलीत घेऊन गेला. मी आणि दीपमाला बरोबर गेलो. तिथे व्यवस्थापक होते. त्यांनी नाव इंद्रजित सांगितले, आडनाव सांगितले नाही. ते बाहेरगावचे असावेत. मी जोगवा हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी संगणकात पाहिले आणि म्हणाले, "आमच्या प्लॅनमध्ये जोगवा बसत नाही."

त्यांनी धुरपदाबाईंचा पट्टा मशिनला लावला. सकाळपासून त्या पट्ट्यावर काहीही घेतलेले नव्हते. मला वाटले, विषय मिटला. पैसे पूर्ण भरले आणि पार्कचा दाणाही खाल्ला नाही, अशी ही बाई. व्यवस्थापकांनी उलटा अर्थ लावला. स्वतःचे ताट शिल्लक ठेवायचे, दुसऱ्यांच्या ताटातले जमवायचे आणि शिल्लक ताट नंतर बिनपट्ट्याच्या माणसाला द्यायचे, ही चोरी नेहमीची आहे, असे ते म्हणाले. एक पट्टा, एक ताट. वाटून खाणे म्हणजे चोरी. डबी त्यांनी पुरावा म्हणून टेबलावर ठेवून घेतली. चोरी कबूल असल्याच्या कागदावर अंगठा द्या, मग सोडतो, असे सांगितले. दीपमाला घाबरली. ती म्हणाली, "द्या मावशी, जाऊ आपण." धुरपदाबाई म्हणाल्या, "म्या चोरी केली न्हाय. आंगटा न्हाय." त्यावर आम्हा दोघींना बाहेर काढून खोलीला कुलूप लावले. आमच्या सोळाही जणींचे पट्टे बंद झाले आणि टेबलावरची आमची ताटे उचलली गेली.

पार्कची तुमच्याकडे तक्रार आली आहे की मी खुर्चीवर चढून जमाव भडकवला. खुर्चीवर चढले हे खरे आहे. मी एवढेच म्हणाले, की ज्या मुलखात दाराशी आलेल्याला रिकाम्या हाताने परत लावत नाहीत त्या मुलखात एका म्हातारीला घास मागितला म्हणून कोंडले आहे. तुमच्यापैकी एकाने उठून खिडकीतून तिला एक घास द्यावा. शंभरेक माणसे असतील. त्याच वेळी भोंग्यावरून सूचना झाली की आपल्या ताटातील अन्न इतरांना दिल्यास संपूर्ण गटाचा पट्टा रद्द होईल. लोकांनी माझे ऐकून घेतले. कुणी उठले नाही. बरेच जण पट्ट्याचे मनगट दुसऱ्या हाताने झाकून बसले होते. परंड्याची ती सून रडत होती. तिच्या सासऱ्याने तिला खाली बसवले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याबरोबर चार लेकरे होती आणि घरून आणलेले जेवण गेटवर पडून होते. भडकलेला जमाव मी पाहिलेला आहे. तो असा नसतो.

मी खोलीच्या खिडकीशी गेले. खिडकीला गज आहेत. धुरपदाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. मी म्हणाले, "धुरपदाबाई, म्हणते मी. जोगवा घ्या." त्या उठून आल्या, माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "घ्या म्हणती, अन् हात तर रिकामा हाय की." त्या हसल्या. मग खुर्चीकडे परत जाताना त्यांनी भिंत धरली.

धुरपदाबाईंना साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी त्यांनी घेतलेली आहे. काल रात्रीनंतर पोटात अन्न नाही.

मी गेटवर आले. पट्टा कापल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते, तो कापून बाहेर पडले. रस्त्यावरच्या गाड्यावरून फुटाणे आणि गुळाचा खडा घेतला आणि परत गेटवर गेले. गेटवरचा माणूस म्हणाला, "म्याडम, पट्टा न्हाय तर आत न्हाय." मी म्हणाले, मला आत सोडू नका, ही पुडी तेवढी आत द्या. तो म्हणाला, "बाहेरचं खाणं आत चालत न्हाय." मी त्याला आजारी बाई असल्याचे सांगितले. तो म्हणाला, "मला कळतंय हो. पर क्यामेरा हाय वर." त्याने वर पाहिले नाही, जमिनीकडे पाहिले. तिथून मी मिळेल त्या जीपने इथे आले. ती पुडी आत्ता माझ्या हातात आहे.

रुग्णवाहिकेला फोन केला आहे. ती गेटपर्यंत येईल. कुलपाची चावी व्यवस्थापकांच्या खिशात आहे.

हवालदार विचारतात, तुम्ही देवी मानत नाही, जोगव्याच्या विरुद्ध बोलता, मग त्यांना आधी का नाही समजावले, अंगठा देऊन का नाही मोकळे केले. त्यांचा जोगवा सुटावा यासाठी मी उद्यापासून पुन्हा भांडेन, त्यांच्या ओट्यावर बसून भांडेन. पण न केलेल्या चोरीवर अंगठा दे असे मी कुणालाही सांगणार नाही. मागणे ही एक गोष्ट आहे, मागणाऱ्याला कोंडणे ही दुसरी. दुसरी गोष्ट गुन्हा आहे आणि तो गुन्हा मी इथे बसून बोलते आहे तोवर चालू आहे.

हे सांगत असताना दीपमालाचा फोन आला. ती त्या खिडकीशी उभी आहे. ती म्हणाली, "ताई, हाक मारली की नुसतं व्हय म्हणत्यात. डोळं उघडत न्हाईत."

हवालदार म्हणतात, जबाब वाचून दाखवतो, बरोबर असल्यास सही करा. मी सही आधीच करते आहे. वाचून दाखवू नका. मी बोलले तेच तुम्ही लिहिले आहे, मी समोर बसून पाहिले आहे, आणि ते खरे आहे. पेन खाली ठेवा, गाडी काढा, आणि ती खोली उघडा.