रमलेल्या मनाचं वजन

...आणि नाव म्हणे गुप्त राहील! अहो, आमच्या कार्यालयात माझ्या डब्यात कुठली भाजी आहे ते गुप्त राहत नाही, झाकण उघडायच्या आधी पलीकडच्या टेबलावर चर्चा सुरू होते, आणि हे म्हणे नाव गुप्त राहील. तुम्हाला सांगतो, मी वजनमाप खात्यातला माणूस, उभी हयात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली. जो दुकानदार न विचारता सांगतो ना, 'साहेब, आपला काटा एकदम चोख', त्याचं पारडं आम्ही आधी उलटं करून बघतो. आणि आमच्यापुढे मुख्य कार्यालयातून एक बाई येतात, गोड हसतात आणि म्हणतात, 'कामात तुमचं मन किती रमतं, ते आम्ही मोजणार आहोत.' आता मन मोजायचं ते किलोत की लिटरमध्ये, कोण विचारणार?

बरं, दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण माझी बदली अडकलीय हो. बायको आणि आई तिकडे गावी, आई आता भिंत धरून चालते, आणि मी इथे भाड्याच्या खोलीत दूध उतू घालवत बसलोय. साहेबांकडे गेलो की साहेब म्हणतात, 'बघू.' त्या 'बघू'वर माझा अख्खा संसार लटकलाय. आणि अशा माणसाला संगणकावर प्रश्न विचारतात... 'सकाळी कार्यालयात यावंसं वाटतं का? वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का?' पाचपैकी गुण द्या. देऊ? खरे देऊ?

आमचा टायपिस्ट, त्याला आम्ही आकाशवाणी म्हणतो, तो कानाशी येऊन कुजबुजला, 'जपून हं. कोण काय दाबतं ते वर दिसतं. मागे एकाने दोन गुण दिले, तो आता घाटातल्या नाक्यावर ट्रकांची वजनं करतोय.' कोण तो एक? ते त्यालाही माहीत नाही. पण आमच्या गावापासून तो घाट किती लांब पडतो, ते मी बोटांवर मोजून झालं.

बायको फोनवर म्हणते, 'अहो, खरं काय ते लिहून टाका ना. नाव गुप्त आहे ना?' भोळी आहे बिचारी. म्हटलं, अगं, बाईंनी चारदा सांगितलं गुप्त म्हणून, तिथेच मला वास आला!

मग काय, दाबले पाच. साहेब ऐकतात, पाच. काम आवडतं, पाच. डोक्यावरचा पंखा दोन उन्हाळे बंद आहे, 'हवा खेळती आहे का?', पाच! घाम पुसत पुसत पाच.

निकाल लागला. आमचं कार्यालय, शंभर टक्के रमलेलं. सगळ्या खात्यात पहिलं. म्हणजे बघा, सगळेच माझ्यासारखे हुशार निघाले! साहेबांना ढाल मिळाली, पेढ्यासारखं तोंड झालं त्यांचं. म्हटलं, हीच वेळ. आत गेलो. 'साहेब, माझ्या बदलीचं...'

'अहो, बदली कसली? वरून आदेश आलाय, रमलेल्या माणसांना हलवायचं नाही. घडी बसलीय, ती मोडायची नाही.'

'पण साहेब, मी... मी काही तितका रमलेलो नाही.'

'असं कसं? शंभर टक्के म्हणजे तुम्ही आलातच की त्यात.'

धावत बाईंना गाठलं. म्हटलं, बाई, तुम्हाला आतलं सगळं दिसतं, तेवढं माझं उघडा आणि गुण कमी करा, हात जोडतो. बाई कळवळून म्हणाल्या, 'कुठलं तुमचं, ते मला कसं कळणार? नाव खरंच गुप्त आहे हो.'

तुम्हाला सांगतो, सगळ्या नोकरीत एकच काटा चोख भेटला, आणि त्यावर आम्ही, काटे तपासणाऱ्यांनी, ओळीने बोटं दाबून ठेवली होती.

संध्याकाळी बायकोचा फोन. 'काय म्हणाले हो साहेब? येताय ना?'

काय सांगणार? म्हटलं, 'नाही गं. मी इथे फार सुखात आहे म्हणे.'